एका रजिस्टरमध्ये चार तऱ्हेचे बिट: एसटीएम३२एफ१०३ चं यूएसबी आतून

जीपीआयओची (साध्या इनपुट-आउटपुटची) पिन वर न्यायची तर एक बिट १ करायचा, टायमर सुरू करायचा तरी एक बिट १ करायचा. मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्यांच्या हाताला हे वळण पडलेलं असतं: रजिस्टर (हार्डवेअरला हुकूम देण्याचं बिटांचं घर) वाचा, हवा तो बिट ‘ऑर’ करा, म्हणजे १ करा, परत लिहा. एसटीएम३२एफ१०३ च्या यूएसबी विभागात हेच वळण घात करतं. कोड कंपाइल होतो, वाचायला बरोबर दिसतो, आणि तरी कॉम्प्युटर म्हणतो की उपकरण ओळखता आलं नाही.

लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत ‘ब्लू पिल’ म्हणून जो निळा बोर्ड मिळतो, त्यावरची ही चिप. एफ०७२, एफ३०३ आणि एल० मालिकेतल्या यूएसबी असलेल्या चिपांतही जवळपास हीच रचना आहे. एफ१०५ किंवा एफ४०७ मधला ‘ओटीजी’ विभाग मात्र पूर्ण वेगळा. खाली लिहिलेलं तिथे लावायला जाऊ नका.

तीन जागा

प्रोसेसरला यूएसबी विभाग तीन ठिकाणी दिसतो. हेक्स ४०००५सी०० या पत्त्यापासून आठ एंडपॉइंट रजिस्टरं आहेत, ईपी०आर ते ईपी७आर. (एंडपॉइंट म्हणजे उपकरणातली डेटा घेण्या-देण्याची एक क्रमांक दिलेली वाट.) प्रत्येक १६ बिटांचं आहे, पण चार-चार बाइटांच्या अंतरावर ठेवलेलं. त्याच मूळ पत्त्यापासून हेक्स ४० पुढे गेलं की पाच सामाईक रजिस्टरं लागतात: सीएनटीआर, आयएसटीआर, एफएनआर, डीएडीडीआर आणि बीटेबल. तिसरी जागा म्हणजे हेक्स ४०००६००० पासूनची ५१२ बाइटांची पॅकेट मेमरी. येणारी-जाणारी पॅकेटं इथे ठेवली जातात. एफ१०३ मध्ये ही मेमरी कॅन (दुसऱ्या एका संवाद-बसच्या) विभागाशी वाटून घेतलेली आहे, त्यामुळे यूएसबी आणि कॅन एकाच वेळी चालत नाहीत. बोर्ड डिझाइन करण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

सामाईक पाचांपैकी एफएनआर फक्त वाचायचं असतं. त्यात ११ बिटांचा फ्रेम क्रमांक आणि दोन्ही डेटा तारांची स्थिती मिळते. साध्या उपकरणात त्याच्याकडे बघायची वेळही येत नाही. डीएडीडीआरमध्ये खालचे सात बिट होस्टने, म्हणजे कॉम्प्युटरने, दिलेला पत्ता, आणि बिट ७ म्हणजे ‘ईएफ’, विभाग चालू. ईएफ ० असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही उपकरण एकाही पॅकेटला उत्तर देत नाही. बीटेबलमध्ये पॅकेट मेमरीतल्या कोष्टकाची सुरुवात लिहायची. त्याचे खालचे तीन बिट नेहमी ०, म्हणजे कोष्टक आठच्या पटीतच सुरू होतं. बहुतेक सगळे तिथे शून्यच ठेवतात, आणि तेच सोयीचं आहे.

सीएनटीआरचे दोन भाग पडतात. बिट ८ ते १५ म्हणजे कुठली घटना घडल्यावर इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवून बोलावणं) हवा ते, आणि बिट ० ते ४ म्हणजे प्रत्यक्ष हुकूम: एफआरईएस (रिसेटमध्ये धरून ठेवा), पीडीडब्ल्यूएन (वीज बंद), एलपी-मोड, एफएसयूएसपी (सस्पेंड) आणि रिझ्यूम. चिप सुरू होते तेव्हा या रजिस्टरमध्ये ३ असतो. म्हणजे विभाग बंदही आहे आणि रिसेटमध्येही आहे.

सुरू करताना

आधी घड्याळ. यूएसबीला नेमके ४८ मेगाहर्ट्झ लागतात. ८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला पीएलएलने (घड्याळ गुणणाऱ्या सर्किटने) ९ ने गुणून ७२ करायचे, आणि आरसीसी-सीएफजीआरमधला यूएसबीपीआरई बिट ० ठेवला की ७२ ला १.५ ने भागून ४८ मिळतात. प्रोसेसरच ४८ वर चालवणार असाल तर तो बिट १ करा. आतल्या आरसी ऑसिलेटरवर भागवू नका. फुल-स्पीड उपकरणाला ०.२५ टक्क्याच्या आत राहावं लागतं, आणि एफ१०३ चा आतला ऑसिलेटर तेवढा नेमका नाही. एपीबी१ बसचं घड्याळही ८ मेगाहर्ट्झच्या वर हवं, नाहीतर पॅकेट मेमरीला वेग पुरत नाही.

मग एपीबी१ईएनआरमधला बिट २३ चालू करा, म्हणजे यूएसबी विभागाला घड्याळ मिळेल. सीएनटीआरमधला पीडीडब्ल्यूएन ० करा, पण एफआरईएस १ च राहू द्या. ॲनालॉग भाग स्थिरावायला १ मायक्रोसेकंद लागतो. तेवढं थांबून एफआरईएस ० करा, आयएसटीआरमध्ये ० लिहून जुन्या खुणा पुसा, आणि मग हवे ते इंटरप्ट चालू करा. हे दोन बिट एकाच फटक्यात ० केले तर कधी चालतं, कधी नाही, आणि असलं ‘कधी कधी’ शोधणं सगळ्यात त्रासाचं.

एफ१०३ मध्ये डी-प्लस या डेटा तारेचा पुल-अप (तार वर खेचून धरणारा रेझिस्टर) आत नाही. बाहेरून १.५ किलोओहमचा रेझिस्टर ३.३ व्होल्टला जोडावा लागतो. अनेक ब्लू पिल बोर्डांवर आर१० या जागी १० किलोओहमचा बसवलेला असतो. गंमत अशी की काही कॉम्प्युटर तोही चालवून घेतात, त्यामुळे माणूस दोष कोडमध्ये शोधत बसतो. पीए१२ (डी-प्लसची पिन) आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये १.८ किलोओहम लावला की दोन्ही मिळून सुमारे १.५ होतात. सोल्डरिंगचं एवढं एक काम आधी उरका.

आयएसटीआर: शून्य लिहून पुसायचं

आयएसटीआर सांगतं काय घडलं: बस रिसेट, सस्पेंड, जाग, चूक, किंवा एखादं पॅकेट नीट पार पडलं. इथल्या खुणा ० लिहून पुसल्या जातात आणि १ लिहिलं तर जशाच्या तशा राहतात. बऱ्याच विभागांत याच्या उलट असतं, म्हणून लक्षात ठेवायचं.

इथे वाचून-बदलून-लिहिण्याने नुकसान कसं होतं बघा. तुम्ही रजिस्टर वाचलं तेव्हा फक्त रिसेटची खूण होती. ती पुसून परत लिहायच्या आत सस्पेंडची खूण आली. तुमच्या जुन्या वाचनात तो बिट ० आहे, तुम्ही ० लिहिला, खूण गेली. म्हणून आधी वाचायचंच नाही. पुसायच्या बिटाच्या जागी ० आणि बाकी सगळीकडे १ असा आकडा थेट लिहायचा. रिसेटचा बिट १०, म्हणजे लिहायचं हेक्स एफबीएफएफ.

बिट १५, सीटीआर, हा मात्र इथून पुसलाच जात नाही. कुठल्या तरी एंडपॉइंटवर काम झालंय एवढंच तो सांगतो. खालचे चार बिट एंडपॉइंटचा क्रमांक देतात, आणि मूळ खूण त्या एंडपॉइंटच्या रजिस्टरमध्ये पुसावी लागते. ती पुसली नाही तर इंटरप्टमधून बाहेर पडताक्षणी प्रोसेसर पुन्हा आत शिरतो आणि मुख्य लूप कधीच चालत नाही.

ईपीएनआर: खरी मेख इथे

एका एंडपॉइंट रजिस्टरचे १६ बिट वरून खाली असे आहेत. बिट १५ सीटीआर-आरएक्स, होस्टकडून डेटा आला. बिट १४ डीटॉग-आरएक्स, पॅकेटांची ०-१ अशी आलटून-पालटून येणारी क्रमखूण. बिट १३ आणि १२ स्टॅट-आरएक्स, घेण्याच्या बाजूची स्थिती. बिट ११ सेटअप, आलेलं पॅकेट होस्टच्या विनंतीचं आहे. बिट १० आणि ९ ईपी-टाइप: ०० बल्क, ०१ कंट्रोल, १० आयसोक्रोनस, ११ इंटरप्ट. बिट ८ ईपी-काइंड. मग पाठवण्याच्या बाजूचे तसेच चार: बिट ७ सीटीआर-टीएक्स, बिट ६ डीटॉग-टीएक्स, बिट ५ आणि ४ स्टॅट-टीएक्स. शेवटचे चार म्हणजे ईए, एंडपॉइंटचा पत्ता. दोन्ही दिशांना ईपी-टाइप एकच असल्यामुळे एका रजिस्टरमध्ये येणारा बल्क आणि जाणारा इंटरप्ट असा मेळ बसत नाही; दुसरा क्रमांक घ्यायचा.

या सोळा बिटांवर लिहिण्याचे नियम वेगवेगळे आहेत. ईपी-टाइप, ईपी-काइंड आणि ईए हे साधे: जे लिहाल ते बसतं. सेटअप फक्त वाचायचा. दोन सीटीआर आयएसटीआरसारखे, ० ने पुसले जातात आणि १ ने राहतात. उरलेले सहा, म्हणजे दोन डीटॉग आणि दोन-दोन बिटांचे दोन स्टॅट, हे टॉगल बिट: १ लिहिलं की उलटतात, ० लिहिलं की तसेच राहतात. जिन्याच्या दिव्याला वर एक आणि खाली एक बटण असतं, तसं समजा. बटण दाबल्याने दिवा लागेल की विझेल हे तो आत्ता कसा आहे यावर ठरतं.

असं विचित्र का केलं? हे बिट प्रोसेसरही बदलतो आणि यूएसबीचं हार्डवेअरही बदलतं, तेही कधीही. पॅकेट नीट पार पडलं की हार्डवेअर स्वतःच स्टॅट नॅकवर (‘आत्ता नाही, नंतर विचारा’) आणतं आणि डीटॉग उलटवतं. तुम्ही एक बिट बदलायला गेलात आणि त्याच वेळी हार्डवेअरने दुसरा बदलला, तर साध्या रजिस्टरमध्ये तुमच्या लिहिण्याने त्याचा बदल पुसला गेला असता. टॉगलमध्ये ‘याला हात लावू नको’ असं ० लिहून सांगता येतं. डोक्याला त्रास आहे, पण रचना विचारपूर्वक केलेली आहे.

आता आकडे घालून बघू. एंडपॉइंट १ बल्क आहे, पाठवण्याची बाजू नॅकवर आहे. स्टॅटच्या चार स्थिती अशा: ०० बंद, ०१ स्टॉल, १० नॅक, ११ तयार. म्हणजे ईपी१आरमध्ये हेक्स ००२१ आहे: स्टॅट-टीएक्स १०, ईए १. डेटा मेमरीत ठेवला, आता ‘तयार’ करायचंय. हाताच्या सवयीने तुम्ही हेक्स ००३० ‘ऑर’ करता. ००२१ चं ००३१ झालं, ते लिहिलं. स्टॅटच्या दोन्ही जागी १ गेल्यामुळे दोन्ही बिट उलटले: १० चं ०१ झालं. ०१ म्हणजे स्टॉल. तुम्ही ‘डेटा तयार आहे’ म्हणालात आणि होस्टला ऐकू आलं ‘हा एंडपॉइंट अडकलाय’.

तेवढ्यावर भागत नाही. डीटॉग-टीएक्स त्या वेळी १ असता, म्हणजे वाचलेला आकडा ००६१ असता, तर तोही परत लिहिला जाऊन ० झाला असता. मग स्टॅट बरोबर असतानाही पुढचं पॅकेट चुकीच्या क्रमखुणेने गेलं असतं, होस्टने ते आधीच्याची पुनरावृत्ती समजून पोच दिली असती आणि टाकून दिलं असतं. उपकरणाच्या बाजूने सगळं यशस्वी, पण दर दुसरं पॅकेट गायब अशी तक्रार आली की आधी हाच बिट बघा.

बरोबर पद्धत अशी. वाचलेल्या आकड्यातून टॉगल बिट काढून टाकायचे, त्यासाठीचा मास्क हेक्स ८एफ८एफ. ००२१ चा राहतो ०००१. मग आत्ताची स्थिती आणि हवी ती स्थिती यांचा ‘एक्सॉर’ (जिथे फरक तिथे १) करायचा: १० आणि ११ चा ०१, जागेवर ठेवला की ००१०. दोन्ही सीटीआरच्या जागी १ ठेवायचा, म्हणजे मधल्या काळात आलेली खूण पुसली जाणार नाही: ८०८०. सगळं मिळून लिहायचं हेक्स ८०९१. स्टॅटचा खालचा बिट तेवढा उलटतो, बाकी सगळं जागच्या जागी.

सीटीआर-आरएक्स पुसायचा असेल तर वाचलेल्या आकड्याला हेक्स ०एफ८एफ ने ‘अँड’ करा आणि ००८० ‘ऑर’ करा. तो शेवटचा ‘ऑर’ विसरला की पाठवण्याची खूण क्वचित, दाट ट्रॅफिकमध्येच, हरवते.

या रजिस्टरसाठी सी भाषेत बिटफील्डचं स्ट्रक्चर करू नका. एका फील्डला किंमत दिली की कंपायलर स्वतःहून वाचून-बदलून-लिहितो, शिवाय कधी एकच बाइट लिहायला जातो. ही रजिस्टरं १६ किंवा ३२ बिटांनीच हाताळायची असतात. तीन-चार छोटी फंक्शनं लिहा (स्टॅट ठेव, खूण पूस, डीटॉग शून्य कर) आणि रजिस्टरला हात फक्त त्यांनीच लावायचा असं ठरवा. डीबगरच्या खिडकीत एंडपॉइंट रजिस्टरचा आकडा हाताने बदलतानाही हाच नियम लागतो, हे सहज विसरलं जातं.

पॅकेट मेमरी: दोन बाजूंनी दोन पत्ते

५१२ बाइटांची ही मेमरी १६ बिटांच्या २५६ घरांची आहे. यूएसबीच्या बाजूने घरं सलग आहेत: ०, २, ४, ६. प्रोसेसरच्या बाजूने मात्र प्रत्येक घर चार बाइटांच्या अंतरावर दिसतं आणि वरचे दोन बाइट वाया जातात. म्हणजे ५१२ बाइट १०२४ बाइटांत पसरलेले. नियम सरळ आहे: कोष्टकात लिहायचा पत्ता यूएसबीच्या बाजूचा, आणि प्रोसेसरने जायचं हेक्स ४०००६००० अधिक त्याची दुप्पट.

कोष्टकात दर एंडपॉइंटला आठ बाइट: पाठवण्याचा पत्ता, पाठवण्याची लांबी, घेण्याचा पत्ता, घेण्याची लांबी. आठ एंडपॉइंटचे ६४ बाइट. व्हर्च्युअल सीरियल पोर्ट करायचा असेल तर मांडणी अशी बसते: ० ते ६३ कोष्टक, ६४ पासून एंडपॉइंट ० चं पाठवणं, १२८ पासून त्याचंच घेणं, १९२ पासून बल्क पाठवणं, २५६ पासून बल्क घेणं, ३२० पासून सूचनेच्या एंडपॉइंटचे ८ बाइट. ३२८ संपले, १८४ उरले. १२८ वरचा बफर प्रोसेसरला हेक्स ४०००६१०० वर सापडेल.

घेण्याच्या लांबीचं घर जरा खट्याळ आहे. त्यात बफर किती मोठा हे तुम्ही लिहायचं आणि किती बाइट आले हे हार्डवेअर खालच्या दहा बिटांत लिहितं. बफरचा आकार ठोकळ्यांत सांगायचा. बिट १५ ० असेल तर ठोकळा २ बाइटांचा, १ असेल तर ३२ चा. पण ३२ च्या ठोकळ्यात मोजणी ० पासून आहे: ० म्हणजे ३२, १ म्हणजे ६४. म्हणून ६४ बाइटांसाठी हेक्स ८४००. तिथे २ लिहून हेक्स ८८०० केलं तर हार्डवेअर ९६ बाइटांची जागा आपली समजतं. होस्ट नियमाने वागतो तोवर काही कळत नाही. त्याने कधी जास्त पाठवलं तर शेजारचा बफर खराब होतो.

मेमकॉपीने (सी भाषेतलं मेमरी उतरवून ठेवणारं फंक्शन) थेट या मेमरीत लिहिणं ही नेहमीची चूक. डिव्हाइस डिस्क्रिप्टरचे (उपकरण होस्टला देतं त्या ओळखपत्राचे) पहिले चार बाइट हेक्समध्ये १२ ०१ ०० ०२. मेमकॉपीने ३२ बिटांनी लिहिलं की १२ ०१ टिकतात, ०० ०२ वाया जातात, आणि त्यांच्या जागी पुढच्या शब्दातले दोन बाइट येऊन बसतात. होस्टला यूएसबी आवृत्ती २.० च्या जागी वर्ग आणि उपवर्गाचे आकडे दिसतात. दोन-दोन बाइट जोडून एका-एका घरात लिहिणारा साधा लूप लिहा. विषम लांबी असेल तर शेवटच्या घरात एकच बाइट, पण लांबीच्या घरात खरी संख्या.

क्रम चुकला की

बस रिसेट आला की हार्डवेअर डीएडीडीआर आणि एंडपॉइंट रजिस्टरं पुसून टाकतं. म्हणून एंडपॉइंटची मांडणी मेनमध्ये एकदा करून चालत नाही. ती रिसेटच्या इंटरप्टमध्येच हवी, शेवटी डीएडीडीआरमध्ये हेक्स ८० लिहून, आणि रिसेट संपल्यापासून १० मिलिसेकंदांच्या आत. तेवढ्यात सीरियल पोर्टवर लांबलचक लॉग छापत बसलात तर वेळ निघून जातो. लॉग रॅममधल्या छोट्या बफरमध्ये ठेवा आणि नंतर बघा. इंटरप्टमध्ये ब्रेकपॉइंट टाकून फार वेळ थांबलात तरी होस्ट कंटाळून पुन्हा रिसेट देतो.

सेटअप पॅकेट आलं की हार्डवेअर एंडपॉइंट ० च्या दोन्ही बाजू नॅकवर आणतं. आधी आठ बाइट आपल्या रॅममध्ये उतरवून घ्या, मग सीटीआर-आरएक्स पुसा. सेटअप बिट ही खूण असेपर्यंतच गोठलेला असतो, त्यामुळे तोही आधीच वाचून ठेवायचा.

पत्ता देण्याच्या विनंतीत घाई नडते. होस्ट नवा पत्ता देतो, पण त्या विनंतीची पोच तो जुन्या, म्हणजे ० पत्त्यावरच मागतो. सेटअप आल्याबरोबर डीएडीडीआर बदललं तर त्या मागणीला उत्तर द्यायला पत्ता ० वर कोणीच नसतं. पत्ता व्हेरिएबलमध्ये ठेवा, शून्य लांबीचं पॅकेट पाठवा, सीटीआर-टीएक्स आला की मगच ईएफ बिटासह लिहा. होस्ट तुम्हाला त्यानंतर २ मिलिसेकंद देतो.

लिनक्सचा डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) इथे चांगला मदतनीस आहे. डिस्क्रिप्टर वाचताना उणे ११० म्हणजे वेळ संपली: उपकरण जोडलेलं दिसतंय, पण नॅकच्या पुढे जात नाही, बहुतेक स्टॅट ‘तयार’ झालाच नाही. उणे ३२ म्हणजे स्टॉल मिळाला. तुम्ही मुद्दाम दिला नसेल तर वरचं ००३१ चं उदाहरण आठवा. उणे ७१ म्हणजे उत्तर आलंच नाही किंवा बिघडलेलं आलं: घड्याळ, पुल-अप, केबल, किंवा ईएफ राहिला. ‘पत्ता स्वीकारत नाही’ असं आलं तर डीएडीडीआर कधी लिहिता ते तपासा. विंडोज यातल्या बहुतेकांना एकच कोड ४३ देतं, त्यातून काही कळत नाही.

सस्पेंडबद्दल एकच गोष्ट: ३ मिलिसेकंद बस शांत राहिली की ती खूण येते. आधी एफएसयूएसपी १ करा आणि नंतर खूण पुसा. उलट केलं तर बस अजून शांतच असल्यामुळे खूण लगेच परत येते.

एफ०७२ वर जाताना एंडपॉइंट रजिस्टरं, टॉगलचे नियम आणि मास्क सगळं तसंच राहतं. पुल-अप आत आला आहे, तो बीसीडीआर नावाच्या नव्या रजिस्टरच्या बिट १५ ने लागतो, आणि पॅकेट मेमरी १०२४ बाइटांची झाली आहे. पण ती प्रोसेसरलाही सलग दिसते, त्यामुळे पत्त्याची दुप्पट काढून टाकावी लागते. ती राहून गेली तर पहिलंच घर, शून्याची दुप्पट शून्य, बरोबर लागतं. दुसऱ्या घरात जायची पाठवण्याची लांबी मात्र तिसऱ्या घरात, म्हणजे घेण्याच्या पत्त्यावर, जाऊन बसते.